स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश: धर्म आणि नीती वाचणाऱ्याच्या नजरेतून

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासमंडळाच्या तीन बैठका एकाच शब्दावर खर्ची पडल्या. शब्द होता ‘नास्तिक’. आम्ही सात जण आहोत: एक निवृत्त बँक अधिकारी, एक वैद्य, दोन शिक्षिका, दोन पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी आणि महाविद्यालयात तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी. बँक अधिकारी स्वतःला नास्तिक म्हणवतात. वैद्यांच्या मते वेदप्रामाण्य नाकारतो तो नास्तिक, आणि त्या हिशेबाने जगाचा कर्ता ईश्वर न मानणाऱ्या सांख्य व मीमांसा या दर्शनांचे अनुयायीसुद्धा आस्तिकच ठरतात. विद्यार्थ्यांपैकी एकाचे म्हणणे आणखी वेगळे होते: देव आहे असे मला वाटत नाही एवढेच, तो नाहीच असे मी कोठे म्हणतो? वाद मिटेना, तेव्हा मी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ऑनलाइन तत्त्वज्ञानकोशातील निरीश्वरवाद आणि अज्ञेयवाद (ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही ही भूमिका) यांवरची नोंद छापून आणली. तिने वाद मिटवला नाही, पण आम्ही नेमके कशावर भांडत आहोत हे तिच्या पहिल्या काही पानांतच स्पष्ट झाले. हा कोश मी पंधरा वर्षांहून अधिक काळ वापरत आलो आहे आणि धर्म, नीती व मानवतावाद या विषयांचे वाचन करणाऱ्या मराठी वाचकाला तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. त्यातील तर्कशास्त्राच्या किंवा भौतिकीच्या तत्त्वज्ञानाच्या नोंदींविषयी येथे काही म्हणायचे नाही.

कोशाची थोडी माहिती आधी द्यायला हवी. तो सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू झाला. स्टॅनफर्डमधील भाषा व माहिती यांच्या अभ्यासकेंद्राचे तेव्हाचे संचालक जॉन पेरी यांना तत्त्वज्ञानाचा एक छोटा ऑनलाइन शब्दकोश हवा होता. एडवर्ड झाल्टा यांनी तीच कल्पना उचलून तिचे रूपांतर सतत अद्ययावत होत राहणाऱ्या ज्ञानकोशात केले. सुरुवातीला त्यात दोनच नोंदी होत्या, आज त्यांची संख्या १७०० च्या पुढे आहे. प्रत्येक नोंद त्या विषयात काम करणाऱ्या प्राध्यापकाकडून किंवा संशोधकाकडून लिहून घेतली जाते, विषयाचे संपादक ती तपासतात, आणि नोंदीवर लेखकाचे नाव असते. वाचकाला काहीही पैसे पडत नाहीत. अनुदाने आणि देशोदेशीच्या विद्यापीठीय ग्रंथालयांनी उभारून दिलेला कायम निधी यांवर हा कारभार चालतो. ज्याला नोंदींची नीटस, छपाईयोग्य पीडीएफ हवी असेल त्याने अल्प वार्षिक वर्गणी भरून कोशाच्या मित्रमंडळाचे सभासद व्हावे, एवढाच काय तो पैशाचा भाग. मी नोकरीत होतो त्या काळी एखाद्या परदेशी नियतकालिकातला एक लेख मिळवायचा तर दुसऱ्या शहरात जाऊन, ग्रंथपालाची मनधरणी करून, झेरॉक्ससाठी रांग लावावी लागे. त्यामुळे या मोफतपणाचे मला वाटणारे अप्रूप आजच्या विद्यार्थ्याला कदाचित कळणार नाही.

आता नोंदीकडे. प्रत्येक नोंदीच्या शीर्षकाखाली दोन तारखा असतात: ती प्रथम केव्हा प्रसिद्ध झाली आणि तिच्यात मोठी सुधारणा शेवटची केव्हा झाली. पाहणाऱ्याला ही किरकोळ बाब वाटेल, माझ्या मते मात्र या कोशाचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या २१ तारखेला संपूर्ण कोशाची एक गोठवलेली आवृत्ती संग्रहात जमा होते, आणि १९९७ पासूनच्या अशा आवृत्त्या आजही उघडता येतात. म्हणजे नोंद बदलली तरी जुनी नोंद नाहीशी होत नाही. तत्त्वज्ञाने काल काय म्हटले आणि आज त्यात काय बदल केला, याचा हिशेब कोणालाही मागता येतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आमच्या भांडणाच्या कामी आलेली नोंदच. ती आधी ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जे. जे. सी. स्मार्ट यांनी २००४ मध्ये लिहिली होती. स्मार्ट हे नीतीत उपयुक्ततावादी (ज्याने अधिकांचे सुख वाढते ते योग्य असे मानणारे), धर्माच्या बाबतीत उघड निरीश्वरवादी, आणि लिहिण्यात मोकळे गृहस्थ. त्यांची नोंद वाचताना एखाद्या अनुभवी प्राध्यापकाच्या घरी ओट्यावर बसून गप्पा ऐकल्यासारखे वाटते. ‘मी’ बिनदिक्कत येतो, आणि ईश्वर म्हणजे प्रगल्भ एकेश्वरवादातला ईश्वर असे सुरुवातीलाच गृहीत धरून गाडी पुढे निघते. २०१७ मध्ये तिची जागा पॉल ड्रेपर यांच्या नोंदीने घेतली. ड्रेपर यांनी सगळा भर व्याख्येवर दिला आहे. निरीश्वरवाद म्हणजे एक विधान, की ईश्वर नाही? की निरीश्वरवाद म्हणजे एक मनःस्थिती, की ईश्वर आहे अशी श्रद्धा नसणे? दुसरा अर्थ रुजवण्याचा प्रयत्न अँटनी फ्लू यांनी १९७२ मध्ये केला होता; त्यांच्या मते ‘एथिइझम’ या इंग्रजी शब्दाच्या आरंभीचा नकार हा केवळ अभाव दाखवणारा समजावा. ड्रेपर यांना तो तत्त्वज्ञानाच्या कामाचा वाटत नाही, कारण ‘ईश्वर आहे काय’ या प्रश्नाला थेट उत्तर देणारी भूमिका निरीश्वरवाद या नावाने ओळखली जावी हे सोयीचे आहे. ज्याची केवळ श्रद्धा नाही त्याने त्या प्रश्नाचे उत्तरच दिलेले नसते. आमच्या विद्यार्थ्याने हे वाचून कपाळाला हात लावला, कारण त्याची भूमिका या वर्गवारीत निरीश्वरवादाची राहतच नव्हती.

याच नोंदीत आणखी एक भेद आहे आणि आमच्याकडच्या चर्चेला तो फार उपकारक ठरावा. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि परिपूर्ण चांगला अशा एका विशिष्ट ईश्वराचे अस्तित्व नाकारणे वेगळे, आणि ईश्वराविषयीच्या विचारार्ह अशा प्रत्येक कल्पनेला नकार देणे वेगळे. पहिल्याला आम्ही मंडळात ‘मर्यादित निरीश्वरवाद’ म्हणू लागलो, दुसऱ्याला ‘सर्वंकष निरीश्वरवाद’. दुसरी भूमिका सिद्ध करणे पहिलीपेक्षा कितीतरी अवघड, कारण तीत ईश्वराच्या कोणकोणत्या कल्पना जमेस धराव्यात याची यादीच संपत नाही. बँक अधिकाऱ्यांनी थोडा विचार करून आपण मर्यादित आहोत असे जाहीर केले, आणि नवसाला पावणाऱ्या देवाबद्दल मात्र आपण सर्वंकष आहोत अशी पुस्ती जोडली. वर्गवारीच्या दृष्टीने ती पुस्ती चुकीची होती, पण बैठकीत हशा पिकला.

आस्तिक-नास्तिक ही आपली जुनी जोडी मात्र या नोंदीत कोठे बसत नाही, आणि येथे वाचकाने सावध राहायला हवे. मराठीत ‘नास्तिक’ हा शब्द आज ईश्वर न मानणाऱ्याला सर्रास लावला जातो, पण परंपरेत त्याचे नाते वेदप्रामाण्याशी आहे; आणि कुमारिलभट्टासारखा वेदांचा कट्टर कैवारी ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्त्या ईश्वरावर जे आक्षेप घेतो ते आधुनिक निरीश्वरवाद्यालाही हेवा वाटावा असे आहेत. करुणेपोटी ईश्वराने जग निर्मिले म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा यावी असा दुःखी जीवच कोठे होता, हा त्याचा प्रश्न आहे. इंग्रजी संज्ञेच्या जागी ‘नास्तिक’ ठेवून ड्रेपर यांची नोंद वाचली तर पानोपानी घोटाळा होईल. ‘निरीश्वरवादी’ हा शब्द वापरावा, ‘नास्तिक’ हा शब्द पोथीसाठी राखून ठेवावा, असे आम्ही शेवटी ठरवले. वैद्यांना हे तात्काळ पटले.

दुसरी नोंद जिच्यावर आम्ही संपूर्ण हिवाळा घालवला, ती जॉन हेअर यांची धर्म आणि नीती यांच्या संबंधाविषयीची. २००६ पासून ती कोशात आहे आणि नंतर तिच्यात भर पडत गेली आहे. नीतिशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही ‘हेअर’ म्हटले की आधी आठवतात ते आर. एम. हेअर, नैतिक विधाने ही वर्णने नसून आदेशांच्या जातीची असतात असे मांडणारे. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत जाऊन ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर मजुरी केलेले तत्त्वज्ञ. जॉन हेअर हे त्यांचे चिरंजीव, आणि आदेशाची कल्पना मुलाकडे येताना आदेश देणारा बदलला आहे: ते ईश्वराज्ञेवर आधारलेल्या नीतीचे आजच्या काळातील प्रमुख पाठीराखे आहेत. नोंद लिहिताना त्यांनी स्वतःच्या पक्षाला झुकते माप दिलेले नाही, पण कोणत्या वळणावर लेखक रेंगाळतो आणि कोणते वळण भराभर घेतो यावरून त्याचा कल कळायचा तो कळतोच. मला हा दोष वाटत नाही. नाव छापून लिहिलेल्या लेखाचा हाच फायदा असतो की कल कोणाचा ते माहीत असते.

नोंद ऐतिहासिक क्रमाने जाते. ग्रीकांपासून आरंभ, मग हिब्रू बायबल आणि नवा करार, मग मध्ययुग, मग आधुनिक काळ. मध्यवर्ती प्रश्न प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादातला आहे: देवांना प्रिय म्हणून एखादी गोष्ट पवित्र असते, की ती पवित्र असते म्हणून देवांना प्रिय असते? पहिला पर्याय घेतला तर देवाने क्रौर्याची आज्ञा दिली असती तर क्रौर्य चांगले ठरले असते. दुसरा घेतला तर चांगुलपणा देवाच्या आधी आणि देवाशिवाय उभा आहे हे मान्य करावे लागते. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वेषात येतो. वेदांतील विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेत धर्माचे ज्ञान केवळ वेदवाक्यातून, पण ते वाक्य कोणाचेच नाही, अपौरुषेय आहे. आज्ञा आहे, पण आज्ञा देणारा नाही! एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात आधुनिक पाश्चात्त्य नीतिशास्त्रावर जवळजवळ याच शब्दांत ठपका ठेवला होता, की कायदा करणाऱ्यावरचा विश्वास गेला तरी ‘कर्तव्य’, ‘बंधन’ ही कायद्याची भाषा तेवढी मागे उरली आहे. मीमांसकाला ज्यात काहीच वावगे वाटत नाही तेच ॲन्स्कम यांना विसंगत वाटते. हेअर यांच्या नोंदीत ही तुलना मिळणार नाही, कारण तिची चौकट पश्चिमेच्या परंपरेची आहे. ती वाचकाने आपली आपण करायची. इस्लामी कलामशास्त्रातील, म्हणजे ईश्वरविषयक तर्कचर्चेतील, मुअतझिला आणि अशअरी या दोन पंथांचा वाद मात्र तीत आला आहे. चांगले-वाईट बुद्धीला स्वतंत्रपणे कळते की केवळ ईश्वराच्या सांगण्याने ठरते, हा तोच वाद बसरा-बगदादच्या परिसरात हजार वर्षांपूर्वी किती नेटाने झाला हे वाचून आमच्यातल्या दोन शिक्षिका थक्क झाल्या.

सगळ्याच नोंदी इतक्या वाचनीय आहेत असे नाही. दुःखाच्या समस्येवरची मायकेल टूली यांची नोंद हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जगात एवढे दुःख असताना सर्वशक्तिमान आणि पूर्णतः चांगला ईश्वर कसा असेल, हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही असा माणूस विरळा, आणि नोंद सुरूही ठीक होते. विल्यम रो यांनी १९७९ मध्ये दिलेले हरणाच्या पाडसाचे उदाहरण प्रसिद्ध आहे: दूर रानात वीज पडून वणवा पेटतो, पाडस भाजते, कोणाच्याही नजरेस न पडता अनेक दिवस तडफडून मरते. त्या तडफडीने कोणते मोठे हित साधले? येथपर्यंत सगळे मंडळ सरसावून बसले होते. पुढे संभाव्यतेची सूत्रे सुरू झाली आणि एकेक जण चहाची चौकशी करू लागला. तर्कशास्त्र शिकवूनही मला तो भाग दोनदा वाचावा लागला. युक्तिवाद काटेकोर आहे यात शंका नाही, पण ज्ञानकोशाची नोंद आणि संशोधनपत्रिकेतील लेख यांच्यातली सीमारेषा तेथे ओलांडली गेली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय लेखकाचा स्वतःचा निष्कर्ष येथे इतका पुढे सरकतो की विरुद्ध पक्षाला आपली बाजू पुरेशी मांडता आली असे वाटत नाही.

या नोंदीला पूरक म्हणून मी मंडळात ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादाचे चौतिसावे सूत्र वाचायला लावले. ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप येत नाही, कारण तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टान्त देतात: भात आणि जव दोन्ही पावसानेच उगवतात, पण एकाचा भात आणि दुसऱ्याचे जव होते ते बीजामुळे. ही रचना टूलींच्या प्रश्नाला जशीच्या तशी उत्तर देत नाही, कारण येथे ईश्वराचे सामर्थ्य कर्मसापेक्ष करून ठेवले आहे आणि पाडसाच्या तडफडीचा हिशेब मागच्या जन्माकडे ढकलला आहे. तो हिशेब नैतिकदृष्ट्या मान्य करण्याजोगा आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांपासून तो अनेकांनी विचारला आहे. पण समस्या एकच असली तरी ती मांडताना ‘ईश्वर’ या शब्दात आधी काय काय भरले होते हे या शेजारामुळे दिसते. कोशाच्या धर्मविषयक नोंदींवरचा माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. ‘धर्माचे तत्त्वज्ञान’ या नावाखाली त्यांतील बरेचसे लेखन अब्राहमी, म्हणजे ज्यू, ख्रिस्ती व इस्लामी, एकेश्वरवादाचे तत्त्वज्ञान असते. बौद्ध नीतीवर चार्ल्स गुडमन यांची चांगली नोंद आहे, भारतीय दर्शनांवरही आता पुष्कळ नोंदी आहेत, पण त्या आपापल्या खोलीत राहतात. बैठकीच्या खोलीत त्यांना क्वचितच बोलावले जाते.

हे कोशाला कळत नाही असे नाही. धर्म या संकल्पनेवरची केविन शिल्ब्रॅक यांची २०२२ मधील नोंद नेमकी याच जागी बोट ठेवते. लॅटिन ‘रिलिजिओ’ हा शब्द आधी काटेकोर कर्तव्यबुद्धीच्या अर्थाने वापरला जाई. त्याचा अर्थ पसरत पसरत जगभरच्या आचारविचारांचे एक सामान्यनाम कसा बनला, त्या सर्वांत समान असा एखादा गुण सापडतो की एका कुटुंबातल्या माणसांत असते तसे केवळ ढोबळ साम्य सापडते, आणि असे काही जगात खरोखर असते की ती अभ्यासकांनी मारलेली गाठ आहे, असे प्रश्न त्यांनी क्रमाने घेतले आहेत. या परीक्षणासाठी निवडलेल्या नोंदींत मला ही सर्वांत आवडली. मराठी वाचकाने ती वाचताना ‘धर्म’ या शब्दाकडे एक डोळा ठेवावा. राजधर्म, पुत्रधर्म, शेजारधर्म, पाण्याचा धर्म आणि हिंदू धर्म या सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि मग ‘धर्माशिवाय नीती शक्य आहे का’ असा परिसंवाद भरवतो. प्रश्नाच्या एका अर्थी उत्तर ‘नाही’ असे शब्दातच दडलेले असते आणि दुसऱ्या अर्थी प्रश्न अजून सुरूच व्हायचा असतो. अशा किती परिसंवादांचे अध्यक्षपद मी भूषवले हे आता आठवूही नये.

मानवतावादासाठी मात्र या कोशात अनेक दारे ठोठावावी लागतात. युरोपातील प्रबोधनकाळाचा मानवतावाद इरॅस्मस आणि त्याच्या समकालीनांच्या नोंदींत आहे. ईश्वर म्हणजे माणसाने आपलेच उत्तम गुण आपल्याबाहेर नेऊन पुजलेले रूप, हा जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखचा १८४१ मधील सिद्धान्त त्याच्या नोंदीत फार सुबोधपणे मांडलेला आहे. ईश्वर काढून त्याच्या जागी मानवजातीची उपासना, पुरोहितवर्ग आणि तेरा महिन्यांचे पंचांगसुद्धा योजणारा ऑग्युस्त कोंत त्याच्या नोंदीत भेटतो. १९४५ च्या पॅरिसमधील व्याख्यानात अस्तित्ववाद हाच मानवतावाद असे ठासून सांगणारा सार्त्र एका नोंदीत, आणि त्यावर पत्ररूपाने कडक आक्षेप घेणारा हायडेगर दुसरीत. हे सगळे एकत्र वाचले तर चित्र उभे राहते, पण ते वाचकाने जुळवायचे असते. नवख्याला कोठून सुरुवात करावी हे सांगणारे कोणी नाही. मी विचाराल तर फॉयरबाखपासून करावी आणि कोंत शेवटी ठेवावा. आधी वाचला तर विषयच हास्यास्पद वाटू लागण्याचा धोका आहे.

आणि आपल्याकडचा मानवतावाद? तो शोधायला दुसरीकडे जावे लागते. याच १९९५ च्या सुमारास जेम्स फीझर यांनी सुरू केलेला आणखी एक मोफत तत्त्वज्ञानकोश इंटरनेटवर आहे. लेखन स्टॅनफर्डच्या मानाने सोपे, खोली थोडी कमी. त्यात मानवेंद्रनाथ रॉय यांच्यावर स्वतंत्र नोंद आहे. मेक्सिकोत आणि मॉस्कोत साम्यवादी चळवळीत वावरलेला हा माणूस १९४६ मध्ये नवमानवतावादाची बावीस सूत्रे मांडतो आणि दोन वर्षांत स्वतःचा पक्षच विसर्जित करतो. रॉय यांची महाराष्ट्रातली मुळे खोल आहेत: वाईच्या प्राज्ञपाठशाळेतले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचे निकटचे सहकारी, आणि सासवडला जन्मलेले वि. म. तारकुंडे यांनी ही विचारसरणी पुढे आयुष्यभर चालवली. मराठी वाचकाने रॉय वाचल्यावर मराठी विश्वकोशाच्या संबंधित नोंदींकडे वळावे. त्याही आता ऑनलाइन मोफत आहेत आणि तर्कतीर्थ प्रमुख संपादक असल्यामुळे धर्म व नीती यांवरील त्यातले लेखन आतल्या माणसाचे आहे. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोशही जुन्या ग्रंथालयात अजून सापडतो. पारिभाषिक शब्दांसाठी त्याला तोड नाही. दोहोंची उणीव एकच, आणि तीच स्टॅनफर्डची श्रीमंती: नोंद एकदा छापली की ती तेथेच थांबली. तिच्यानंतरची चर्चा तीत येत नाही.

वापरण्याच्या दृष्टीने थोडे. कोशाची मांडणी साधी, पांढऱ्या पानावर काळी अक्षरे, जाहिरात एकही नाही. मोबाइलवर वाचता येते, पण लांब नोंदी मोबाइलवर वाचू नयेत. डोळे थकतात आणि युक्तिवादाचा धागा सुटतो. आम्ही नोंदी छापून घेतो, आणि संदर्भसूचीची पाने वगळून छापायला सांगतो, नाहीतर निम्मे पैसे सूचीलाच जातात. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती कशी उद्धृत करावी याचा दुवा असतो, संबंधित नोंदींची नावे असतात, आणि तेथून तत्त्वज्ञानविषयक लेखांच्या मोठ्या सूचीकडेही जाता येते. इंग्रजी मात्र चांगले लागते. केवळ शब्दसंपत्तीने भागत नाही; अटी-शर्तींनी भरलेली लांबलचक वाक्ये सोसण्याची सवय लागते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला थेट या कोशाकडे पाठवू नये, असे मी अनुभवाने सांगतो. त्याने आधी मराठीतले एखादे पाठ्यपुस्तक वाचावे, मग फीझर यांचा कोश, मग हा.

भाषेचा प्रश्न निघाला की मला हटकून १९८३ मध्ये पुण्यात झालेला संवाद आठवतो. तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने आधुनिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि परंपरेत शिकलेले पंडित समोरासमोर बसले, आणि बर्ट्रंड रसेलचा विधानविषयक सिद्धान्त रेग्यांनी संस्कृतातून पंडितांपुढे ठेवला. ते अवघड काम होते, कारण रसेलची एकेक संज्ञा नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडिताला, समजेल अशा शब्दात आणताना सिद्धान्ताचाच कस लागतो. स्टॅनफर्डच्या कोशात उत्तमोत्तम माणसे लिहितात, पण तेथे सर्वांनी एका भाषेत, एकाच घाटात लिहायचे असते. परक्या भाषेत उतरताना संकल्पनेची जी परीक्षा होते ती तेथे होत नाही.

ती परीक्षा आम्ही आमच्यापुरती घेतो आहोत. शिल्ब्रॅक यांच्या नोंदीच्या पहिल्या भागाचा मराठी अनुवाद आमच्यापैकी एका शिक्षिकेने केला आहे. तो कोठे प्रसिद्ध करता येईल का असे तिने विचारले, तेव्हा सांगावे लागले की नोंदीचे हक्क लेखकाकडे असतात आणि अनुवाद प्रसिद्ध करायचा तर रीतसर परवानगी हवी; मोफत वाचायला मिळते याचा अर्थ मोफत वाटता येते असा नाही. तेव्हा सध्या तो एका दोनशेपानी वहीत आहे. वहीच्या मागच्या बाजूला संज्ञांची यादी आहे. ‘रिलिजन’ या शब्दापुढे तिने तीन प्रतिशब्द लिहून तिन्ही खोडले आहेत, आणि येत्या रविवारची बैठक त्या रिकाम्या जागेवर ठेवली आहे.